मोजलेली हवा

८ जून १९९७, रविवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. उद्या कोणी म्हणायला नको की कुमागाइच्या नाकाखाली सगळं घडलं आणि म्हाताऱ्याला पत्ता नव्हता.

मिसाओच्या गाडीच्या टर्बोचा जुना व्हॉल्व्ह आज फाटला. प्लॅस्टिकचा होता, दहा वर्षं टिकला, तक्रार नाही. नवा कोणता घालायचा यावरून गॅरेजमध्ये वाद झाला. वाद म्हणजे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझ्या हाताखालचा ओइकावा आणि माझी स्वतःची मुलगी.

ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की टर्बोने दाबून पाठवलेल्या हवेला पुढचं दार बंद मिळतं. मग ती उलटी फिरून टर्बोच्याच पंख्यावर आदळते. म्हणून मध्ये व्हॉल्व्ह लागतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ती हवा सरळ बाहेर सोडतो. बायपास तीच हवा नळीने फिरवून परत टर्बोच्या तोंडाशी आणतो. काम दोघांचं एकच. ब्लो-ऑफ 'फुस्स' करून सांगतो की काम झालं, बायपास मुकाट असतो. मुकाट असणाऱ्यांवर माझा भरवसा नाही.

ओइकावा म्हणाला, "उस्ताद, या गाडीचं हवा मोजणारं यंत्र तोंडाशीच आहे. मोजलेली हवा बाहेर सोडली तर पेट्रोल तेवढंच पडणार आणि हवा कमी. गाडी काळा धूर टाकेल, वळणावर बंद पडेल."

"हे तुला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच."

"मग मलाच शिकवू नकोस. इंजिनाची मंद चाल थोडी चढवून ठेवली की बंद पडत नाही."

त्यावर तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला आणि मिसाओ हसली. सोळा वर्षांपूर्वी हा माझ्याकडे आला तेव्हा त्याला धड पाना धरता येत नव्हता. आता पुटपुटतो.

ब्लो-ऑफच घालणार. गाडी माझ्या मुलीची असली तरी इंजिन माझं आहे.

१५ जून, रविवार

सरावाला गेलो. नदीकाठच्या मोकळ्या मैदानात शंकू मांडतात आणि त्यांच्याभोवती गाडी पिळून वेळ मोजतात, अशी ही शर्यत. मिसाओ त्यात यंदा बरीच वर गेली आहे. ५ ऑक्टोबरला अंतिम फेरी आहे आणि ती तिथे पोचेल असं सगळे म्हणतात.

नवा व्हॉल्व्ह सुरेख बोलतो. प्रत्येक गिअरला फुस्स. लांबून ऐकलं तरी कळतं की पायाने काय केलं.

पण हातब्रेक ओढून शंकूभोवती गर्रकन फिरायच्या जागी गाडी दोनदा बंद पडली. काळा धूरही आला. ओइकावाने माझ्याकडे पाहिलं नाही. जो माणूस बरोबर ठरला आहे तो बघतोच. ज्याने काही केलं आहे तो बघत नाही. हवा मोजणाऱ्या यंत्राच्या वायरला त्याने हात लावला असणार. घरी आल्यावर वायर तपासली. ठीक होती. म्हणजे त्याने परत जोडली.

मंद चाल आणखी चढवली.

१९ जून, गुरुवार

पोस्टातला माणूस म्हणाला, दोन दिवस फोन करतोय, कोणी उचलत नाही. मी दोन्ही दिवस फोनपासून चार हातांवर होतो. ओइकावाने घंटीचा आवाज कमी करून ठेवला असणार, म्हणजे गिऱ्हाईक मला भेटणारच नाही, त्याला भेटेल. बटण बघितलं तर पूर्ण वर होतं. मी बघणार हे त्याने ओळखलं.

६ जुलै, रविवार

मिसाओ दुसरी आली. गाडी एकदाही बंद पडली नाही. धूर नाही. मी बांधावर उभा होतो, पुष्कळ लांब, आणि वारा उलट्या बाजूचा असावा, व्हॉल्व्ह ऐकू आला नाही.

मी ओइकावाला म्हटलं, "बघ. नुसती मंद चाल चढवली, एवढंच."

"हो, उस्ताद," तो म्हणाला. इतक्या लवकर कबूल करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

८ जुलै, मंगळवार

गाडी वर घेतली होती. टर्बोच्या तोंडाच्या नळीला एक जादा तोंड आहे. बायपास असता तर परतीची हवा तिथून आत आली असती. ब्लो-ऑफ लावल्यामुळे ते रबरी बुचाने बंद केलं आहे. नळीवर धूळ, चिमट्यांवर धूळ, सगळीकडे मैदानाची पिवळी धूळ. बूच मात्र स्वच्छ.

पांढऱ्या रंगाने बुचापासून नळीपर्यंत एक बारीक रेघ ओढून ठेवली.

२२ जुलै, मंगळवार

घरचं वातावरण ठीक नाही. बायको तोमिए हल्ली माझ्याशी सरळ बोलतच नाही, ओरडते. सकाळी म्हणाली, "अहो, चहा." एवढंसं वाक्य, पण गल्लीला ऐकू जाईल असं. तीस वर्षं या बाईने आवाज चढवला नव्हता. आणि तीच बाई मिसाओशी आणि ओइकावाशी बोलताना इतकी हळू बोलते की ओठ हलताना दिसतात फक्त. माझ्यावर ओरडायचं आणि त्यांच्याशी कुजबुजायचं. याचा अर्थ काय होतो ते मला कोणी सांगायला नको.

यंदा देवळाच्या झाडांवर किडेही नाहीत. दर उन्हाळ्यात असे किर्र करतात की गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. मिसाओ ज्या सहकारी संस्थेत नोकरी करते तिने शेतांवर औषध जास्त मारलं असणार. तिला तसं म्हटलं तर ती आईकडे बघू लागली. तिथेही काहीतरी दडवताहेत.

२८ जुलै, सोमवार

काल सराव होता. मी मुद्दाम गेलो नाही. आज पहाटे आधी जाऊन बूच बघितलं. रेघेचा वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे.

म्हणजे खरं आहे. माझ्यामागे व्हॉल्व्ह बदलतात, आणि गाडी माझ्यासमोर आणण्याआधी परत माझा लावतात. चोर परवडला, तो नेलेली वस्तू परत आणून ठेवत नाही.

चहा घेतला आणि कामाला लागलो. ओइकावा आला, वाकून नमस्कार केला, काहीतरी बोलला. मी मान हलवली.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी थंड सोबाच्या शेवया खायला घरात शिरलो. तिघंही चौरंगाभोवती बसली होती, डोकी एकत्र. मध्ये एक कागद. मला बघताच तोमिएने त्यावर ताट ठेवलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही," ती ओरडली. "बसा. गार होतोय."

गार सोबा आणखी गार कसा होणार.

कागदावर कसला तरी शिक्का होता, एवढं दिसलं. गॅरेजचे कागद असणार. ओइकावा एकेचाळीसचा झाला, किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राहील. मिसाओला गाड्यांचं वेड. तोमिए दमली आहे. तिघांचं जमतं. माझं नाव पाटीवरून काढायला किती वेळ लागतो, चार स्क्रू.

१० ऑगस्ट, रविवार

आता नवीन. मागच्या आठवड्यात मी टर्बोचा दाब थोडा वाढवला होता. अंतिम फेरीत जोर लागेल. दाब वाढवताना इंजिन नॉकिंग करतं का हे ऐकावं लागतं. पेट्रोल वेळेआधी पेटलं की आत खडखड होते, आणि ती चालू दिली तर पिस्टन जातो. त्यासाठी लोक आता यंत्रं घेतात. माझ्याकडे तांब्याची नळी आहे. एक टोक इंजिनाला, एक कानाला. चाळीस वर्षं या कानाने या जिल्ह्यातली निम्मी इंजिनं वाचवली आहेत. मी पूर्ण जोरावर ऐकलं. आत रेशमासारखं शांत. इतकं शांत इंजिन मी आजवर ऐकलेलं नाही.

आज बघतो तर दाबाचा स्क्रू पाऊण फेरा मागे.

माझी मुलगी हरली पाहिजे, तेही माझ्या इंजिनामुळे, असं कोणाला तरी हवं आहे. मग म्हणता येईल, उस्तादांचे दिवस गेले.

स्क्रू परत पुढे घेतला, आणखी अर्धा फेरा जास्त घेतला, आणि वर लाखेचा ठिपका दिला. आता हात लावून दाखवा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पितरांचे दिवस. ओइकावा सुट्टीवर. थडगं धुतलं, फुलं वाहिली. वडिलांना सांगितलं, लक्ष ठेवा.

२३ ऑगस्ट, शनिवार

लाख शाबूत आहे. ओइकावा आज जेवणाच्या वेळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि बराच वेळ बोलला. कंप्रेसर चालू होता. त्याचा चेहरा रडवेला होता. बहुतेक पगार. मी म्हटलं, "बघू." तो तसाच उभा राहिला, मग गेला.

उद्या मी स्वतः मिसाओला गाडीत बसवून दाखवणार आहे की माझं इंजिन काय आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहितो.

काल सकाळी नऊला नदीच्या बंधाऱ्याखालच्या सरळ रस्त्याने निघालो. दोन्हीकडे भाताला लोंब्या आलेल्या, रस्त्यावर कोणी नाही. मी चालवत होतो, मिसाओ शेजारी. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. दाबाचा काटा चढला. गाडी अशी ओढत होती की मला हसू आलं.

मिसाओने माझ्या दंडाला हात लावला. मी तिच्याकडे पाहिलं.

"बाबा, पाय काढा," ती ओठ मोठे करून म्हणाली.

"का?"

"आवाज येतोय. डब्यात खडे हलवल्यासारखा."

मी कान दिला. काही नव्हतं. देवाशपथ लिहितो, काही नव्हतं. रस्त्याची घरघर तेवढी.

"हे तुला ओइकावाने पढवलंय," मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. ती बोलत होती, पण मी समोर बघत होतो, आणि समोर बघितलं की माणसांचं बोलणं हल्ली मला पोचत नाही. हे वाक्य आत्ता लिहिल्यावर मी ते दोनदा वाचलं. पुढे लिहितो.

मी चौथा गिअर टाकला आणि पाय तळाला नेला.

एक धक्का बसला, मागे पांढरा धूर, आणि इंजिन आतल्या आत अडकलं. गिअर पडलेला, इंजिन जाम, चाकं लॉक. गाडी आडवी झाली आणि पाटाच्या काठाकडे घसरत निघाली. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि डोक्यात काही नव्हतं. मिसाओने वाकून तळहाताने गिअरचा दांडा मोकळा केला आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग ओढलं. चाकं सुटली. गाडी काठावर थांबली, पुढचं उजवं चाक पाण्यावर.

तिचं मनगट सुजलं होतं.

मग तिने माझं तोंड दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवलं, लहान मुलाचं वळवतात तसं, आणि म्हणाली, "मी 'क्लच' म्हणून किती वेळा ओरडले, माहीत आहे?"

"एकदाही नाही," मी म्हटलं.

ती रडायला लागली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

इंजिन उघडलं. उघडलं म्हणजे ओइकावाने उघडलं, मी बाजूला स्टुलावर.

तिसऱ्या पिस्टनला कडेशी भोक. ते अपेक्षितच होतं. पण बाकीचे तीनही त्याने धुऊन माझ्यासमोर फडक्यावर मांडले. डोकी देवी आलेल्या चेहऱ्यासारखी, बारीक बारीक खड्ड्यांनी भरलेली. असे खड्डे एका दिवसात पडत नाहीत. हे नॉकिंगचं लिखाण असतं आणि ते मला वाचता येतं, कानाची गरज नाही. आठवडेच्या आठवडे हे इंजिन खडखडत होतं, आणि मी नळी लावून म्हणत होतो, रेशीम.

मी विचारलं, "तू ऐकलं होतंस?"

तो माझ्यासमोर खाली बसला, तोंड माझ्या तोंडासमोर आणून. गेले वर्षभर तो असंच बसून बोलतो हे माझ्या आज ध्यानात आलं. मला वाटायचं, आगाऊपणा.

"दाब वाढवल्यापासून. म्हणून मी स्क्रू मागे घेतला होता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं, उस्ताद. दोनदा. परवा शनिवारी पण. तुम्ही 'बघू' म्हणालात."

"आणि व्हॉल्व्ह?"

"व्हॉल्व्ह पण मीच. शनिवारी बायपास, रविवारी रात्री ब्लो-ऑफ. मिसाओताईला माहीत होतं."

"असले धंदे करण्यापेक्षा सरळ बायपास लावून मोकळा का नाही झालास?"

त्याने बोटांवरचं तेल पुसलं. मग पुन्हा तोंड वर करून म्हणाला, "या गाडीचा तेवढाच एक आवाज तुम्हाला ऐकू यायचा. तो लागला की तुम्ही हसायचात. तो काढून घ्यायचा मला धीर झाला नाही."

मी उठून बाहेर गेलो. चांगुलपणाने केलेली फसवणूकही फसवणूकच. तसं मी त्याला बजावलं. पण परत आल्यावर.

संध्याकाळी तोमिएने ताटाखालचा कागद माझ्यापुढे ठेवला. शिक्का शहरातल्या इस्पितळाचा. कानाच्या तपासणीची वेळ घेतलेली, दोनदा पुढे ढकललेली.

"ओरडत का होतीस एवढी?" मी म्हटलं.

"दोन वर्षं झाली, तुमच्याशी हळू बोलले असते तर एक शब्द तरी पोचला असता का?"

२ सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या कपाटासारख्या खोलीत बसवलं, कानांवर झाकणं आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी ताठ बसलो. बराच वेळ यंत्र सुरूच झालं नाही. नवीन पोरगी आहे, विसरली असेल, म्हणून काचेतून खूण करणार तोच तिने दार उघडलं आणि म्हणाली, "झालं आजोबा."

डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. जाड आवाज अजून आहेत. बारीक आवाजांची रेघ उजवीकडे पाटात पडल्यासारखी खाली गेलेली. चाळीस वर्षं कानाला लोखंड लावून बसलात, त्याचं हे, असं त्या म्हणाल्या. यंत्र मिळेल, बोलणं सुधारेल. इंजिनाचं विचारलं. त्यांनी "बघू" म्हटलं. हा शब्द मला ओळखीचा आहे.

दुसऱ्या इस्पितळात दाखवावं का असं मनात आलं. यंत्र विकणारे आणि तपासणारे एकच असतात. पण पिस्टन कोणी विकायला बसलेलं नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

इंजिन उभं राहिलं. खालचं सगळं काम मी केलं. हाताने मापं घेतो, त्यात माझ्यावर अजून कोणाला मात करता येत नाही. मिसाओच्या मनगटाची सूज उतरली.

व्हॉल्व्हचा प्रश्न राहिला होता. दोन्ही बाकावर शेजारी ठेवले. ओइकावा मुद्दाम पाठ करून दिवे पुसत होता. मीच विचार केला. ब्लो-ऑफ कोणासाठी होता? गाडीला नको होता. मिसाओला नको होता. मोजलेली हवा बाहेर फेकायची, का, तर म्हाताऱ्याला पोच मिळावी म्हणून.

बायपास मी स्वतः बसवला. बूच काढून फेकून दिलं.

कानातलं यंत्र घालून इंजिन ऐकलं. पत्र्यांच्या ढिगावर कोणी नाचतंय असं वाटलं. काढून खिशात ठेवलं. मग ठरवलं, दाब मी वाढवणार, ऐकणार ओइकावा, आणि खडखड आली की त्याने हात वर करायचा.

पण नुसत्या त्याच्या शब्दावर कसं राहायचं? मला बरं वाटावं म्हणून तो गप्प बसणार नाही कशावरून, पूर्वी बसलाच होता. म्हणून न सांगता स्क्रू एकदम अर्धा फेरा पुढे घेतला. सेकंदभरात त्याचा हात वर, आणि चेहऱ्यावर असा राग की सोळा वर्षांत मी पाहिला नव्हता.

"उस्ताद, परत असं करू नका," तो म्हणाला. ओठ स्पष्ट दिसले.

परीक्षा घेतली. पास झाला. राग आला म्हणजे खरं ऐकतो.

५ ऑक्टोबर, रविवार

मिसाओ चौथी आली. ते आधी लिहून टाकतो. तिला तिसरी यायचं होतं, एक शंकू चाटला. गाडी एकदाही अडली नाही. शंकूभोवती फिरताना तिने हातब्रेक ओढला, इंजिन बंद पडलं नाही, सरळ उचललं आणि निघालं. मला काही ऐकू आलं नाही. टायरांचा धूर आणि तिचं हेल्मेट दिसलं. बघायला इतकं असतं हे मला माहीत नव्हतं, आजवर मी डोळे मिटून ऐकत उभा राहायचो.

खरी गोष्ट सकाळची. तपासणीच्या तंबूत गाडीचा फॉर्म भरायचा असतो. खाली एक रकाना आहे, 'इंजिनाची जबाबदारी कोणाची'. मिसाओ शर्यतीत उतरल्यापासून तिथे माझंच नाव आहे. पेन हातात घेतलं. रांगेतली माणसं मागे उभी होती. मी ओइकावाचं नाव लिहिलं, तारीख टाकली आणि फॉर्म त्याच्याकडे सरकवला.

त्याने वाचलं. मग खाली बघतच काहीतरी बोलला.

एरवी मी मान हलवली असती. हलवायलाच निघालो होतो. त्या मानेच्या हालचालीने मला आतापर्यंत किती कळल्यासारखं वाटलं आहे कोण जाणे. काय म्हणाला असेल ते मी मनात लावूनही टाकलं होतं: उपकार झाले, किंवा अखेर मिळालं एकदाचं.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "परत सांग."

मागचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. बघू दे.

ओइकावाने तोंड वर केलं. डोळे ओले होते, पण आवाज कामाचा होता.

"आज पाच तारीख आहे, उस्ताद. तुम्ही चार टाकलीत."

मी खोडून पाच केली.